गरोदर आहे म्हणून तिचं दुखणं मागे पडू नये

सप्रेम नमस्कार,

धाप लागते म्हणून सहा महिन्यांची गरोदर बाई दवाखान्यात आली की तिला सांगितलं जातं, "या दिवसांत होतंच असं." पुष्कळदा ते खरंही असतं. पण लहानपणी सांधे सुजून आलेल्या तापाने जिच्या हृदयाची झडप अरुंद झाली आहे, तिला गरोदरपणात 40 ते 50 टक्क्यांनी वाढणारं रक्त पेलत नाही. सपाट झोपता येतं का, रात्री धाप लागून उठून बसावं लागतं का, एवढं विचारलं तरी धोका वेळेवर कळू शकतो.

फिट येणाऱ्या बाया दिवस राहिल्याचं कळताच गोळ्या सोडतात. व्हॅलप्रोएटसारखी गोळी बाळाला खरंच घातक आहे, पण ती डॉक्टरांनी बदलून द्यायची असते, तीही शक्य तर दिवस राहण्याआधी. एकदम बंद केली तर फिट येऊन आईच्या आणि बाळाच्या जिवावर बेततं. आमच्या सातपुड्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे. अशी बाई फिजिशियनकडे गेली तर ते म्हणतात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि ते पुन्हा फिजिशियनकडे पाठवतात.

बाँडवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेसाठी, येणारे तरुण डॉक्टर मनापासून राबतात, त्यांना आमचा दोष नाही. शिकताना मेडिसिनचा वॉर्ड वेगळा, बाळंतिणींचा वेगळा. दोन्ही एकाच बाईत भेटतात ते थेट इथे, तेही बहुधा रात्री.

म्हणून आमच्या नागरिक समितीने धडगावात 20 डॉक्टरांसाठी दोन दिवसांचं शिबिर ठरवलं आहे. रक्तदाब 160/110 वर गेला तर काय करायचं, रक्तदाब वाढून झटके आलेल्या बाईला नंदुरबारच्या वाटेला लावण्याआधी मॅग्नेशियम सल्फेट या झटके आवरणाऱ्या औषधाचा पहिला डोस कसा द्यायचा, कोणती औषधं चालू ठेवायची, हे हाताने करून शिकवायचं आहे. बाळंतपणानंतरचे दिवसही त्यात आहेत, कारण झटके तेव्हाही येतात.

सरावाचे पुतळे, पुस्तिका, जेवण आणि प्रवास मिळून 1,20,000 रुपये लागतील. जमेल तेवढी रक्कम द्या, पावती मिळेल. पैशाहून मोठी अडचण वेगळीच आहे: डॉक्टर शिबिरात बसले तर प्राथमिक आरोग्य केंद्र कोण सांभाळणार? निवृत्त किंवा खासगी डॉक्टरांनी ते दोन दिवस आम्हाला द्यावेत, ही कळकळीची विनंती.

आणि पावरी, भिली बोलणाऱ्या चार-पाच ताई हव्यात. त्या पेशंट होऊन बसतील, आणि डॉक्टर त्यांच्या बोलीत "रात्री झोप लागते का?" हे विचारायला शिकतील.

आपले,
समितीचे सर्व सदस्य, धडगाव