बाबा, तो हिशेब चुकता झाला आहे

एरफुर्ट, जर्मनी
रविवार संध्याकाळ

प्रिय बाबा,

सप्रेम सलाम.

काल फोनवर तुम्ही बोललात ते डोक्यातून जात नाही. "माझ्या हातून काय झालं गं? देवापुढे उभं राहिल्यावर दाखवायला काही नको का?" एवढं म्हणालात आणि लगेच फोन आईकडे दिलात. ऑपरेशननंतर माणूस हळवा होतो हे मला कळतं. पण हा प्रश्न हळवेपणातून आलेला वाटला नाही. तो बरीच वर्षं तुमच्या मनात असणार, पडून राहिल्यामुळे आता वर आला. फोनवर अशा गोष्टी नीट बोलता येत नाहीत, म्हणून लिहायला बसले.

संडे स्कूलची मुलं, मंडळीच्या खजिन्याचं काम, आजारी माणसांच्या भेटी, हे सगळं तुम्ही मनातल्या मनात मांडून पाहिलंत आणि ते कमी भरलं. बाबा, ते कमीच भरणार. "तुम्ही किती केलंत, तुम्हांला कसली काळजी?" हे वाक्य काल माझ्या अगदी ओठावर आलं होतं, पण मी ते गिळलं. कारण त्यातून तुम्ही पुन्हा मोजायलाच बसला असता, फक्त आकडा जरा मोठा धरून. प्रेषित पौल इफिस शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात असं काही लिहीत नाही. तो लिहितो, "कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झालेले आहे, आणि हे तुमच्या हातून झाले असे नाही, तर हे देवाचे दान आहे." तुमचा प्रश्न "माझ्या हातून काय झालं" आणि त्याचं उत्तर "हे तुमच्या हातून झाले असे नाही". हे वचन तुम्हीच आम्हां दोघांकडून पाठ करून घेतलं होतं.

आणि ते लिहिणारा माणूस पुण्याच्या बाबतीत रिकामा नव्हता. फिलिप्पैकरांच्या तिसऱ्या अध्यायात तो स्वतःची यादीच देतो: आठव्या दिवशी सुंता, बन्यामिनाचा वंश, नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या परूशी पंथाचा, त्या बाबतीत निर्दोष. आणि मग ख्रिस्तापुढे हे सगळं केरकचरा समजतो म्हणतो. त्याच्या यादीत वाईट असं एकही कलम नव्हतं. होत्या त्या चांगल्याच गोष्टी, फक्त त्यांच्यावर भरवसा टाकून देवापुढे उभं राहता येत नव्हतं.

इथला ऑगस्टिनियन मठ माझ्या कामाच्या वाटेवरच आहे. 1505 च्या जुलैमध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, मार्टिन ल्यूथर, ज्याच्यापासून पुढे प्रोटेस्टंट मंडळ्या सुरू झाल्या, वादळात विजेला घाबरून केलेला नवस फेडायला याच मठात आला. मठाच्या चर्चमध्ये वेदीसमोर जमिनीत एक थडग्याची शिळा बसवलेली आहे. तिच्यावर पालथं पडून त्यानं संन्यासाची शपथ घेतली असं सांगतात. मी परवा तिथे बराच वेळ उभी होते. दगड गुळगुळीत आहे, थंडगार आहे, आणि तेव्हा मला तुमचीच आठवण येत होती. कारण या मठात त्या तरुणानं तेच केलं जे तुम्ही हॉस्पिटलच्या खाटेवर करत होतात. उपास, जागरणं, प्रार्थना, आणि तासन्‌तास चालणारी पापकबुली. कबुली देऊन उठायचा आणि काहीतरी सांगायचं राहिलं म्हणून परत यायचा. पुढे त्यानंच लिहिलं की संन्यासीपणानं जर कुणी स्वर्गात गेला असता, तर मी गेलो असतो. त्याचे वरिष्ठ योहान फोन श्टाउपिट्झ त्याला एकच सांगत राहिले: स्वतःकडे बघणं सोड, ख्रिस्ताच्या जखमांकडे बघ.

त्याची सुटका झाली ती रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात. सुवार्तेत देवाचं नीतिमत्त्व प्रकट होतं, असं तिथे पौल म्हणतो. ल्यूथरला हे वाक्य आवडत नसे, कारण देव नीतिमान आहे म्हणजे तो मला शिक्षा करणार, एवढंच त्याला त्यात दिसायचं. रात्रंदिवस विचार करता करता त्याला उमगलं की हे नीतिमत्त्व देव आपल्याकडून वसूल करत नाही, विश्वास ठेवणाऱ्याला देतो. आपल्यासाठी नंदनवनाचे दरवाजे उघडल्यासारखं वाटलं, असं त्यानं 1545 मध्ये, मरणाच्या आदल्या वर्षी, लिहून ठेवलं आहे. पैसे घेऊन पापक्षमापत्रं विकण्याच्या बाजाराविरुद्ध त्यानं 1517 मध्ये मांडलेले ते पंचाण्णव मुद्दे तुम्हांला ठाऊकच आहेत. त्यातला बासष्टावा मात्र मला सगळ्यांत प्रिय आहे: देवाच्या गौरवाची आणि कृपेची परमपवित्र सुवार्ता हाच मंडळीचा खरा खजिना. तुम्ही इतकी वर्षं खजिनदार होतात, बाबा. खरा खजिना हा.

आता तुमची पुढची शंका मला माहीत आहे. कर्मं सोडली, विश्वासानं तारण होतं हे धरलं, तरी माझा विश्वास तरी कुठे एवढा मोठा? आजारपणात प्रार्थनासुद्धा धड होत नाही. बाबा, इथेच बरीच भली माणसं अडकतात. कर्मांची वही मिटवतात आणि विश्वासाची नवी वही उघडतात, आणि त्यातही रोज नापास होतात. विश्वास म्हणजे भिकाऱ्यानं पुढे केलेला हात. हात थरथरतो की घट्ट आहे, यावर भिकेची किंमत ठरत नाही, देणारा कोण आहे यावर ठरते. शुभवर्तमानात तो मुलाचा बाप नाही का, माझा विश्वास आहे, पण माझा अविश्वास घालवा असं एका दमात ओरडणारा? येशूनं त्याला आधी विश्वास वाढवून ये म्हटलं नाही. त्याचा मुलगा बरा केला. ल्यूथर 1546 मध्ये गेला तेव्हा त्याच्या शेवटच्या चिठ्ठीत होतं, "आपण भिकारी आहोत, हे खरं आहे." बायबल शिकवण्यात जन्म घालवलेल्या माणसाचे हे शेवटचे शब्द आहेत, आणि त्यात मला निराशा अजिबात दिसत नाही.

पुढचं थोडं दादासाठी आहे, त्याला वाचायला द्या.

काकांच्या अंत्यविधीनंतर तो माझ्याशी फोनवर तावातावानं बोलला. जन्मभर ज्यांनी चर्चची पायरी चढली नाही, काकूला रडवलं, त्यांनी शेवटच्या आठवड्यात हात जोडले आणि पाळकसाहेब म्हणतात ते प्रभूजवळ गेले. मग बाबांनी एवढं कशासाठी केलं? दादा, तुझा राग मला समजतो, काकूंचे हाल आपण दोघांनी पाहिलेत. त्या हालांचं काहीच नाही असं कृपा म्हणत नाही. कृपा म्हणजे पापाकडे काणाडोळा नव्हे. काणाडोळा करायचा असता तर वधस्तंभाची गरजच नव्हती. काकांनी जे केलं त्याची किंमत कुणीतरी भरली, पण ती भरणारे काका नव्हते, एवढंच.

पण तुझा प्रश्न येशूच्या दाखल्यातल्या, द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा आहे. पहाटेपासून उन्हात राबलेले आणि शेवटचा एकच तास काम केलेले, सगळ्यांच्या हातावर एकेक दीनार. पहाटेच्या लोकांना ठरलेली मजुरी पूर्ण मिळाली होती, त्यांचं काही बुडालं नव्हतं. दुसऱ्याला तेवढंच मिळालं हे त्यांना सलत होतं. बापाची मालमत्ता उडवून परत आलेल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला थोरला भाऊही असाच अंगणात उभा राहतो: इतकी वर्षं मी तुमची चाकरी केली. बापाच्या घरात राहून त्यानं स्वतःला चाकर समजावं, याचं मला फार वाईट वाटतं. आणि बाप त्यालाही समजवायला बाहेर येतो, हे आपण वाचताना विसरतो. धाकट्यासाठी धावला तसाच थोरल्यासाठीही उंबरा ओलांडतो. तो आत गेला का, ते येशूनं सांगितलेलं नाही.

तू याकोबाचं पत्र पुढे करशील, कर. मनुष्य केवळ विश्वासाने नव्हे, तर कर्मांनी नीतिमान ठरतो असं याकोब म्हणतो खरं. पण पौल आणि याकोब दोघंही उदाहरण अब्राहामाचंच घेतात, तेव्हा कोण कुठलं पान उघडतो ते बघ. पौल रोमकरांच्या चौथ्या अध्यायात उत्पत्तीचा पंधरावा अध्याय उघडतो: अब्राहामानं विश्वास ठेवला आणि तो त्याच्याकडे नीतिमत्त्व म्हणून गणला गेला. तेव्हा सुंता झालेली नव्हती, ती सतराव्या अध्यायात आहे. याकोब बाविसाव्या अध्यायातला, मुलगा इसहाक याला वेदीवर ठेवल्याचा प्रसंग दाखवतो, म्हणजे त्यानंतर बऱ्याच वर्षांनी घडलेला. भुकेल्याला "सुखाने जा" म्हणून रिकाम्या हातानं पाठवणारा जो विश्वास, त्याला याकोब मेलेला म्हणतो. पौलही त्याला जिवंत म्हणाला नसता. इफिसकरांच्या त्याच वचनाच्या पुढची ओळ वाच: आपण सत्कृत्यांसाठी निर्माण झालो आहोत. सत्कृत्यं आहेतच, पण तारणाच्या मागून येतात.

आणि वहिनीला तिच्या माहेरच्या कॅथलिकपणावरून टोचणं बंद कर. "तुमच्यात कर्मांनी तारण" हे तू म्हणतोस ते बरोबर नाही. कॅथलिकांच्या ट्रेंटच्या धर्मसभेनं 1547 मध्ये नीतिमान ठरण्याविषयी जो निर्णय दिला, त्याचं पहिलंच कलम असं आहे की ख्रिस्ताच्या कृपेवाचून स्वतःच्या कर्मांनी माणूस नीतिमान ठरतो असं म्हणणारा शापित असो. कृपा माणसात कशी काम करते यावर मतभेद होते, काही अजून आहेत. पण 31 ऑक्टोबर 1999 ला इथेच जर्मनीत, आउग्सबुर्गमध्ये, ल्यूथरच्या परंपरेतले लुथरन आणि कॅथलिक दोघांनी मिळून सही केली की आपल्या कुठल्याही योग्यतेमुळे नव्हे, केवळ कृपेनं देव आपल्याला स्वीकारतो. शतकांचं भांडण त्यांनी एवढं मिटवलं. आपल्या घरातलंही मिटावं असं मला मनापासून वाटतं.

बाबा, आता पुन्हा तुमच्याशी. पंडिता रमाबाईंबद्दल तुम्ही आम्हांला लहानपणी सांगायचात, ते त्यांच्या कामाबद्दल. इथे आल्यावर मी त्यांनी स्वतःच्या विश्वासाबद्दल सांगितलेलं वाचलं. आईवडिलांबरोबर तीर्थयात्रा, व्रतं, दानं, पुराणं सांगत पायी फिरणं, सगळं करून झालेलं. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. आणि त्यानंतर पुष्कळ वर्षांनी त्यांना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त अजून मिळालेला नाही. धर्म बदलला तरी धडपड तीच राहिली होती, चांगलं होण्याची. मग आहे तशी, पापी म्हणून, त्या ख्रिस्ताला शरण गेल्या. दुष्काळात शेकडो मुलींना आणणं, केडगावचं मुक्ती मिशन, मराठी बायबलचं भाषांतर, हे सगळं त्यानंतरचं. कर्मं थांबली नाहीत, उलट वाढली. भीतीनं एवढं काम होत नाही, निदान माझा तरी विश्वास बसत नाही. ते ज्याचं कर्ज फिटलं आहे अशा माणसाचं काम होतं.

तुमचंही तसंच होतं, बाबा. संडे स्कूलमध्ये तुम्ही मुलांना गाणी शिकवायचात तेव्हा काही कमवत नव्हतात. तुम्हांला आनंद व्हायचा, मी पाहिलंय. तो आनंद आता मागे वळून मजुरी म्हणून मोजू नका.

एक गोष्ट आईनं तुम्ही खोलीबाहेर असताना सांगितली. पाळकसाहेब घरी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस, घेऊन आले तेव्हा तुम्ही नको म्हणालात. "मन स्वच्छ नाही, मी पात्र नाही." करिंथकरांतलं ते वचन तुमच्या मनात असणार, अयोग्य प्रकारे भाकर खाणाऱ्याविषयीचं. पण पौल ते कुणाला सुनावतो आहे? श्रीमंत लोक पुढे जाऊन खात होते, कुणी प्यायलेले, आणि गरीब मंडळी उपाशी. तो दटावतो आहे त्या मिजासीला. स्वतःच्या पापानं खचलेल्या आजारी माणसाला तो मेजापासून दूर लोटत नाही. मंदिरात दूर उभा राहून छाती बडवणारा जकातदारच नीतिमान ठरून घरी गेला, आणि त्याच्यापाशी दाखवायला काय होतं?

आणि पहिल्या मेजावर, येशूबरोबर शेवटच्या रात्री, बसलेल्यांत पात्र कोण होतं? पेत्र उजाडायच्या आत तीनदा म्हणणार होता, मी त्या माणसाला ओळखत नाही. बाकीचे पळून जाणार होते. येशूनं त्यांना ते आधीच सांगितलं होतं, तरी भाकर मोडून त्यांच्या हातात दिली. पात्रता आल्यावर घ्यायची वस्तू असती तर ती भाकर त्या रात्री कुणीच खाल्ली नसती.

म्हणून माझी विनंती आहे. आई पाळकसाहेबांना पुन्हा बोलावणार आहे, या वेळी नाही म्हणू नका. दादा-वहिनी घरी असतील असा दिवस ठरवा, म्हणजे दोघंही तुमच्याजवळ बसतील. आणि यातलं काही पटलं नाही तर कुठे पटलं नाही ते लिहा. हात दुखत असेल तर आईला सांगून लिहून घ्या. या विषयावर तुमच्याशी बोलायला मला कितीही वेळ आहे.

तुमची धाकटी