गाडी वर्कशॉपमध्ये, वॉरंटीचं घड्याळ मात्र चालूच

प्रति,
मा. ग्राहक व्यवहार मंत्री,
केंद्र सरकार

महोदय,

स. न. वि. वि.

माझी गाडी अकरा महिन्यांची आहे. त्यातले ७१ दिवस ती वर्कशॉपमध्ये होती आणि त्या ७१ दिवसांत तिची वॉरंटी एकही दिवस थांबली नाही. गाऱ्हाणं एवढंच आहे. पण नुसतं एवढं सांगितलं तर “झाली ना दुरुस्ती, तीही फुकटात, मग तक्रार कसली?” असं कुणीही म्हणेल. माझ्या घरचेही म्हणाले. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सातव्या महिन्यात इंजिनातून आवाज यायला लागला. इंजिन चांगलं तापलं आणि वेगात असताना ॲक्सिलरेटरवरून पाय किंचित सैल केला, की खालून ठक-ठक-ठक. कुणीतरी आतून दार वाजवतंय असा. गाडी वर्कशॉपला दिली. त्यांनी ती जागेवर उभी करून, आयडलिंगला ठेवून ऐकली. चौथ्या दिवशी परत मिळाली तेव्हा जॉब कार्डवर लिहिलेलं होतं, “आवाज आढळला नाही.” आढळणार कसा? जागेवर तो येतच नव्हता. सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणाला, “नवीन इंजिन आहे मॅडम, सेट होतंय.” मी पुन्हा समजावून सांगायला लागले तर म्हणाला, “घरातलं कुणी जेन्ट्स असेल तर त्यांना पाठवता का? म्हणजे नीट बोलता येईल.” आवाज मी रोज ऐकत होते, घरातल्या जेन्ट्सना गाडी चालवता येत नाही. असो.

या पहिल्या फेरीतला धडा मला फार उशिरा कळला. आवाजाची तक्रार असेल तर फोरमनला शेजारी बसवून गाडी रस्त्यावर न्यायची, आवाज ऐकवायचा आणि मगच जॉब कार्डवर सही करायची. “ग्राहकाचं म्हणणं” या रकान्यात आपले शब्द जसेच्या तसे उतरले पाहिजेत. पुढे कधी भांडायची वेळ आली तर आपल्या हातात तेवढाच कागद असतो.

दुसरी फेरी २३ दिवसांची. या वेळी ऑइल प्रेशरचा लाल दिवा लुकलुकला होता. त्यांनी ऑइल बदललं, सेन्सर बदलला, सॉफ्टवेअर अपडेट केलं. प्रत्यक्ष काम दोन दिवसांचं असेल. उरलेले दिवस “कंपनीकडून अप्रूव्हल यायचंय” यात गेले. अप्रूव्हलचा प्रकार मला नंतर समजला. वॉरंटीतल्या मोठ्या कामाला वर्कशॉप स्वतःच्या अखत्यारीत हात लावत नाही. फोटो, व्हिडिओ, रीडिंग कंपनीला जातात, तिकडून होकार आला की एक पायरी पुढे, मग पुन्हा फोटो. शिवाय वॉरंटीच्या कामाला कंपनी वर्कशॉपला ठरवून दिलेल्या तासांचेच पैसे देते. वर्कशॉपने चार तास जास्त डोकं लावून मूळ शोधलं, तर ते चार तास त्याच्या खिशातून जातात. मग वर्कशॉप आधी स्वस्तातला सेन्सर बदलून बघतं. यात मला त्यांची लबाडी दिसत नाही. व्यवस्थाच तशी लावलेली आहे.

सेन्सर बदलून गाडी घरी आली आणि बाराव्या दिवशी भर रस्त्यात बंद पडली. टोइंगवरून वर्कशॉपमध्ये. तिसरी फेरी, ४४ दिवस.

या वेळी फोरमन वेगळे होते. वयाने मोठे, बोलायला कमी. त्यांनी मला आत बोलावलं. ऑइल फिल्टर उभा कापून त्याचा कागद चुणीचुणीने उलगडून ठेवला होता आणि प्रत्येक चुणीत चमचम होती, रांगोळीत मिसळायच्या चमकीसारखी. “हा चुरा बघा. हे तुमचं बेअरिंग.” मग कनेक्टिंग रॉडमधून, म्हणजे पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांडीतून, निघालेली बेअरिंगची दोन पाती त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. बांगडीचे दोन अर्धे तुकडे म्हणावेत अशी ती असतात आणि दोन्ही मिळून क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याला, वेढून बसतात. माझ्या गाडीतलं एक पातं जागा सोडून फिरलं होतं आणि दुसऱ्याच्या पोटात जाऊन बसलं होतं. कडा काळ्यानिळ्या, आतली बाजू आरशासारखी घासलेली.

बेअरिंग आणि क्रँकशाफ्ट यांच्यामध्ये साधारण २ ते ५ शतांश मिलिमीटर फट असते, केसाच्या जाडीहूनही कमी. त्या फटीत दाबाखाली ऑइल खेळतं आणि क्रँक त्या ऑइलवर तरंगत फिरतो. धातूला धातू लागतच नाही. फट जुळवताना चुकीच्या मापाचं पातं बसलं, ऑइलच्या वाटेत कचरा राहिला, पंपाने दाब दिला नाही, तर ऑइलचा तो पापुद्रा फाटतो. माझ्या गाडीत नेमकं काय झालं होतं? हे मला आजही कुणी लेखी सांगितलेलं नाही. सगळ्या सर्व्हिस वेळेवर, त्यांच्याकडेच आणि त्यांच्याच ऑइलने झाल्या होत्या, त्यामुळे दोष माझ्या माथी मारता आला नाही इतकंच.

खरा वाद पुढे झाला. कंपनीचा पहिला होकार आला तो फक्त क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग बदलायचा. मी फोरमनना विचारलं, हा चुरा फिल्टरपर्यंत आला तसा आणखी कुठे गेला असेल? ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, “ऑइल जिथं जातं तिथं सगळीकडे.” म्हणजे ऑइल कूलर, इंजिनात जास्त हवा ढकलणारा टर्बो, व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा, ब्लॉक (इंजिनाचा खालचा सांगाडा) आणि हेड (त्यावरचा भाग) यांमधले ऑइलचे बारीक मार्ग. ऑइल कूलर आतून धुऊन पूर्ण साफ झाला याची खात्री देणं अवघड असतं. तो बदलावाच लागतो. नाहीतर नव्या बेअरिंगला पहिल्याच दिवशी जुन्या बेअरिंगचा चुरा पाजल्यासारखं होतं. हे फोरमनना ठाऊक होतं, मला ठाऊक नव्हतं आणि अप्रूव्हल देणाऱ्याने गाडी पाहिलेलीच नव्हती.

मी ई-मेलवर एकच प्रश्न लावून धरला: दूषित ऑइल गेलेल्या प्रत्येक भागाचं काय करणार, ते लेखी कळवा. सतरा दिवस आणि पाच ई-मेलनंतर शॉर्ट ब्लॉक मंजूर झाला. म्हणजे क्रँक, पिस्टन, रॉड बसवून कारखान्यातून जुळून आलेला इंजिनाचा खालचा भाग. सोबत नवीन ऑइल पंप, कूलर आणि टर्बो. हेड जुनंच, धुऊन. वर्कशॉपमधल्या बाकावर इंजिन सुटं करून जोडण्यापेक्षा हे बरं, कारण पात्यांच्या मापाची निवड आणि बोल्टची कसणी कारखान्यात मोजून होते. वर्कशॉपमध्ये ती माणसाच्या हातावर आणि त्या दिवशीच्या घाईवर असते. काही बोल्ट एकदा कसले की ताणले जातात, ते पुन्हा वापरायचे नसतात. वापरले की नाही हे ग्राहकाला कळायला मार्ग नाही.

ब्लॉक बदलला म्हणजे इंजिन नंबर बदलला. आरसीवर एक नंबर, बॉनेटखाली दुसरा. ही नोंद आरटीओत करून घेणं आणि विमा कंपनीला कळवणं माझ्या वाट्याला आलं. वर्कशॉपने पत्र दिलं, खेटे मी घातले. सात-आठ महिन्यांच्या गाडीचा इंजिन नंबर बदललेला पाहून उद्या ती विकत घेणारा काय भाव करेल, हे सांगायला नको. त्या नुकसानीला वॉरंटीच्या पुस्तिकेत ओळ नाही.

पुस्तिकेत काय आहे, ते मी आता पाठ म्हणू शकते. सदोष भाग दुरुस्त करू किंवा बदलू. बदललेल्या भागाला मूळ वॉरंटीची उरलेली मुदत लागू. गाडी वापरता न आल्याने झालेल्या नुकसानीची जबाबदारी नाही. “किती दिवसांत” हे शब्द कुठेही नाहीत. “किती वेळा” हेही नाहीत. मी सर्व्हिसला एक महिना उशीर केला असता तर वॉरंटी धोक्यात आली असती. त्यांनी ४४ दिवस गाडी ठेवली तर काहीच होत नाही. हप्ता चालू, विमा चालू, वॉरंटी चालू. बंद फक्त गाडी.

कायदा काय म्हणतो तेही पाहिलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दोष दूर करणं, वस्तू बदलून देणं, पैसे परत करणं, सगळं आहे. वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी लागत नसेल तर तीन महिन्यांत आणि लागत असेल तर पाच महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न ग्राहक आयोगाने करावा, असंही आहे. पण दोष सिद्ध करण्यासाठी तपासणी हवी असेल तर तिची फी आयोग आधी तक्रारदाराला भरायला सांगू शकतो. आणि तपासायचं काय? खराब झालेला भाग तोवर कंपनीकडे परत गेलेला असतो. २००६ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने वॉरंटीच्या शब्दांवरच बोट ठेवलं होतं: भाग बदलून देण्याची हमी असेल तर अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश टिकत नाही. म्हणजे फिरून गाडी पुस्तिकेवरच येते आणि पुस्तिका लिहितं कोण, हे वेगळं सांगायला नको. राहता राहिला रिकॉल, म्हणजे सदोष गाड्या कंपनीने परत बोलावणं. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने ती तरतूद आली, पण तिचं लक्ष सुरक्षितता आणि पर्यावरण यांना बाधणाऱ्या, अनेक गाड्यांत आढळणाऱ्या दोषांकडे आहे. एकट्यादुकट्याच्या नशिबी आलेल्या खराब गाडीसाठी ती नाही.

अशा गाडीला अमेरिकेत ‘लेमन’ म्हणतात आणि तिच्यासाठी तिकडे वेगळे कायदे आहेत. पहिला १९८२ मध्ये कनेटिकट राज्यात झाला: त्याच दोषासाठी चार वेळा दुरुस्ती करूनही तो गेला नाही, किंवा गाडी एकूण ३० दिवस वर्कशॉपमध्ये पडून राहिली, तर ग्राहक गाडी बदलून किंवा पैसे परत मागू शकतो. ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्यात दुरुस्तीची संधी एकदाच मिळते. ती फसली तर वस्तू नाकारता येते. पहिल्या सहा महिन्यांत दिसलेला दोष मुळातच होता असं धरून चालतात, नव्हता हे विक्रेत्याने सिद्ध करायचं. सिंगापूरने २०१२ मध्ये गाड्यांसह इतर वस्तूंसाठी आणि चीनने २०१३ मध्ये खास गाड्यांसाठी आपापले नियम आणले. तिथल्या मोटार कंपन्यांनी दुकानं बंद केल्याचं ऐकिवात नाही. आपल्याकडे विकणाऱ्या बऱ्याच कंपन्या तिकडेही विकतात आणि तिकडे मुकाट्याने दिवस मोजतात.

मला अख्खा नवा कायदा एका दमात नको आहे, मंत्रिमहोदय. गाडी वॉरंटीच्या कामासाठी वर्कशॉपमध्ये असेल तितके दिवस वॉरंटी पुढे सरकली पाहिजे. हे करायला समिती नेमायची गरज नाही. जॉब कार्डवर आत-बाहेरच्या तारखा असतातच. इंजिन किंवा गिअरबॉक्स उघडला तर काय सापडलं, कारण काय आणि काय बदललं याचा सही-शिक्क्याचा अहवाल ग्राहकाला मिळाला पाहिजे. त्या भागांवर पुढची वॉरंटी नव्याने सुरू झाली पाहिजे. कंपनीला स्वतःच्या नव्या इंजिनावर विश्वास असेल तर यात तिला तोटा नाही. आणि दिवसांची, खेपांची एक कमाल मर्यादा. ती ३० असावी की ४०, यावर तुम्ही कंपन्यांशी वाद घाला. आज ती अगणित आहे.

गाडी सध्या चालते. आवाज नाही. तरी सिग्नलला थांबले की मी अजून काच खाली करून ऐकते.

जुनी बेअरिंग मी मागितली होती. वॉरंटीत बदललेले भाग कंपनीकडे परत पाठवावे लागतात, म्हणून मिळाली नाहीत. फोरमननी इकडेतिकडे बघून मला तळहातावरच त्यांचा फोटो काढू दिला. तो सोबत जोडला आहे.

कळावे,

आपली,
एक वाहनधारक