मार्चअखेरीला धावून आलेल्यांचे आभार

आमच्या लेखा शाखेतल्या संगणकांवर मायक्रोसॉफ्टचं ऑफिस २००७ आलं ते नेमकं मार्चअखेरीच्या तोंडावर. सकाळी एक्सेल उघडलं, तर फाइल, एडिट, व्ह्यू ही वर्षानुवर्षांची मेनूची ओळच नाही. तिच्या जागी बटणांनी भरलेली रुंद रिबन. साधी प्रिंट काढायची तरी कुठून, तेही कळेना. ती डाव्या कोपऱ्यातल्या गोल बटणात गेली होती.

त्या दिवशी संगणक कक्षातून आलेल्या ताई, घाईत तुमचं नाव विचारायचंही राहून गेलं. तुम्ही खुर्ची ओढून शेजारी बसलात आणि म्हणालात, “काका, स्क्रीनकडे बघू नका, बोटांना आठवतंय ते दाबा.” ऑल्ट, मग ई, मग एस. पेस्ट स्पेशलची, म्हणजे कॉपी केलेल्यातलं हवं तेवढंच चिकटवायची, चौकट समोर हजर! मेनू दिसत नव्हता, पण एक्सेलमध्ये त्याच्या जुन्या कळा चालत होत्या. माझ्या जिवात जीव आला. नंतर रोज लागणारी बटणं राइट क्लिक करून वरच्या छोट्या पट्टीत बसवून दिलीत, तीही माझ्याच हातून.

विभागीय कार्यालयातल्या त्या साहेबांचेही मनापासून आभार. माझी नवी फाइल त्यांच्या जुन्या एक्सेलमध्ये उघडेना. ती परत न धाडता त्यांनी फोन केला, ‘९७-२००३’ या प्रकारात सेव्ह कशी करायची ते सांगितलं आणि ती पोहोचेपर्यंत संध्याकाळी थांबून राहिले.

आणि कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर सगळ्या कळा मोठ्या अक्षरांत लिहून देणाऱ्या शिकाऊ मुला, ते पान अजून माझ्या खणात आहे.