वेम्बली आणि १९४८ चे सुवर्णपदक

लंडन

तीर्थरूप आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

वेम्बलीचे मैदान पाहून आल्याचे फोनवर सांगितले, तेव्हा त्याचा इतिहास सविस्तर लिहून कळवावा असे आपण म्हणाला होता, म्हणून हे पत्र.

इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाचे हे मैदान मुळात साम्राज्याचे वैभव मिरवण्यासाठी भरवलेल्या १९२४ च्या प्रदर्शनाकरिता बांधले गेले आणि त्याचे नावही एम्पायर स्टेडियम असेच होते. २८ एप्रिल १९२३ रोजी तेथे पहिला सामना झाला, तेव्हा सव्वा लाखाच्या जागेत दोन लाखांहून अधिक माणसे शिरली असावीत असा अंदाज आहे. घोडेस्वार पोलिसांनी गर्दी मागे सारली, तेव्हा कुठे खेळ सुरू झाला. पुढे प्रदर्शन तोट्यात गेले आणि मैदान पाडण्याची वेळ आली. त्याच प्रदर्शनात तंबाखूचे दुकान चालवलेल्या आर्थर एल्विन यांनी १९२७ साली ते विकत घेऊन तेथे कुत्र्यांच्या शर्यती सुरू केल्या, म्हणून ते टिकले. या गृहस्थांचे मला फार कौतुक वाटते.

आपल्या दृष्टीने मात्र खरा दिवस १२ ऑगस्ट १९४८ चा. १९२८, १९३२ व १९३६ या तिन्ही ऑलिंपिकमध्ये हॉकीचे सुवर्णपदक भारताने जिंकले होते, परंतु पारतंत्र्यात. आणि त्या तिन्ही वेळी ब्रिटनने हॉकीचा संघ उतरवलाच नव्हता. फाळणीमुळे काही जुने सहकारी पाकिस्तानच्या संघात गेलेले असतानाही किशनलाल यांच्या नेतृत्वाखालील आपल्या संघाने त्या दिवशी वेम्बलीवर ऑलिंपिक हॉकीच्या अंतिम सामन्यात ब्रिटनला, त्यांच्याच राजधानीत, ४–० असे हरवले. त्यांपैकी दोन गोल बलबीरसिंग यांचे होते. स्वातंत्र्याला वर्ष पुरे व्हायला तीन दिवस उरले असताना साम्राज्याच्या नावाने उभारलेल्या त्या मैदानात तिरंगा चढला, ही गोष्ट मला इंग्लंडने १९६६ साली तेथेच जिंकलेल्या विश्वचषकापेक्षाही मोठी वाटते.

जुने मैदान २००० साली बंद झाले आणि त्याचे दोन प्रसिद्ध मनोरे २००३ मध्ये पाडण्यात आले. आजचे ९०,००० आसनांचे, १३३ मीटर उंच कमानीचे मैदान २००७ चे आहे.

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ साली बर्लिनला कबड्डी दाखवल्याची गोष्ट आपण गावातल्या पोरांना नेहमी सांगता. तिच्या जोडीला ही हकिगतही अवश्य सांगावी, कारण त्यांना वेम्बली ठाऊक आहे ती केवळ फुटबॉलमुळे. आजीस नमस्कार सांगावा.

आपला आज्ञाधारक नातू