हात धरण्याआधी विचारा तरी

संपादक साहेब, माझ्या धाकट्या भावाला दिसत नाही. रोज लोकलच्या दिव्यांग डब्यातून कामाला जातो, पांढरी काठी हातात, रस्ता पाठ, तरी दादरच्या पुलावर कोणीतरी दंड धरून ओढतंच. मदतच करतात हो, पण आधी विचारा ना, आणि तुमचा हात त्याला धरू द्या. 2016 च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले, कागदावर सगळं झकास, सोसायटीच्या गणपतीत मात्र त्याला खुर्चीत बसवून प्रसाद दिला की झालं! यंदा मी भांडून वर्गणीचा हिशोब त्याच्याकडे दिला, फोनवर टॉकबॅक (स्क्रीनवरचं बोलून वाचून दाखवणारी सोय) लावून त्याने पैन् पै चोख ठेवली, आता बिल्डिंगवाले मला नाही, त्याला फोन करतात.

– एक वाचक, परळ