"सुंदर" म्हटलं तरी दर येतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत मागे घरगुती उद्योग करणाऱ्यांसाठी लेख आला होता, इन्स्टावर कुणी कमेंट केली की त्याला आपोआप खासगी मेसेज कसा पाठवायचा त्यावर. लेख चांगला होता, कुठलं बटण कुठे आहे ते सगळं नीट दिलेलं. पण तो वाचून माझ्यासारख्या अजून शंभर जणी ते लावणार आणि पहिल्या महिन्यात माझ्यासारख्याच तोंडावर पडणार, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कापायचं असेल तिथे कापा.

माझ्या भावाची देवगड तालुक्यात हापूसची कलमं आहेत. तो तिकडे बाग बघतो आणि मुंबई-ठाण्याच्या ऑर्डरी मी डोंबिवलीतून बघते, नोकरी सांभाळून. मार्च ते मे लोक रात्री अकरा-बाराला रील बघतात आणि खाली लिहितात "रेट?" मी तोवर झोपलेली असते कारण सकाळी लोकल पकडायची असते. सकाळी उत्तर द्यावं तर माणूस दुसऱ्याकडून पेटी बुक करून मोकळा. त्यामुळे ऑटोमेशन वाईट असं मी अजिबात म्हणणार नाही, ते नसतं तर मागच्या दोन सीझनला मी वेडी झाले असते.

तर मी एक ॲप घेतलं, नाव घेत नाही कारण चूक ॲपची कमी आणि माझी जास्त. त्यात कीवर्ड टाकायचे असतात, म्हणजे कमेंटमध्ये अमुक शब्द दिसला की तमुक मेसेज पाठव. मी मोठ्या हुशारीने टाकले "आंबा", "किंमत", "भाव", "दर". झालं. एकाने लिहिलं "मस्त रे भावा", त्याला रेट कार्ड गेलं. का, तर "भावा"त "भाव" आहे. एका बाईंनी बागेचा फोटो बघून नुसतं "सुंदर" लिहिलं, त्यांनाही गेलं, कारण "सुंदर"मध्ये "दर" बसलाय हे मला आयुष्यात पहिल्यांदा त्या मशीनमुळे कळलं. "दरवर्षी तुमच्याकडूनच घेतो" म्हणणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकाला नवीन माणसासारखं स्वागत. आणि ज्याने खरंच विचारलं होतं "आंब्याची पेटी केवढ्याला", त्याला काहीच नाही! कारण मराठीत विभक्ती लागली की "आंबा"चा "आंब्या" होतो आणि "किंमत"चं "किमतीला", त्यात डोक्यावरचा अनुस्वारही जातो, मग मशीनला तो शब्द सापडतच नाही. इंग्रजीत प्राइस म्हणजे प्राइस, पुढेमागे काही लागलं तरी शब्द बहुतेक तसाच राहतो, आपलं तसं नाही. त्यात निम्मे लोक मराठी इंग्रजी अक्षरांत टाइप करतात आणि प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. शेवटी मी वहीत लिहून काढलं की लोक नेमकं कसं विचारतात: कितीला, केवढ्याला, काय रेट, काय भाव, डझन कसा, पेटी कशी, पीपी (म्हणजे प्राइस प्लीज), नुसतं प्रश्नचिन्ह. ते सगळे टाकले, "भाव" आणि "दर" एकेकटे काढून टाकले, तेव्हा कुठे जरा ताळ्यावर आलं. हे लेखात नव्हतं आणि त्या ॲपच्या व्हिडिओंतही नसतं, कारण ते बनवणारा इंग्रजी नाहीतर हिंदी गिऱ्हाईक धरून बनवतो.

पण खरी लाज वाटली ती वेगळ्याच कमेंटला. एका गृहस्थांनी लिहिलं होतं, "गेल्या वर्षीच्या पेटीत अर्धा आंबा साका निघाला, फोन केला तर उचलला नाही." बरोबरच होतं त्यांचं, त्या वर्षी साका, म्हणजे आंबा आतून पांढरट आणि स्पंजासारखा, झाला होता आणि मी फोन टाळले होते हेही खरं. आमच्या मशीनला त्यात "आंबा" दिसला. लगेच त्यांना खासगीत "आमच्या आंब्यात रस दाखवल्याबद्दल मनापासून धन्यवाद, ऑर्डरसाठी 1 लिहा" आणि खाली सगळ्यांसमोर "मेसेज पाठवलाय, चेक करा". त्याखाली दुसऱ्या कुणी लिहिलं, "रस नव्हता हो, साकाच होता." तो विनोद आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पोचला, आता काय बोलणार.

तेव्हापासून मी या सोयीचे नियम नीट वाचले, ते इथे सांगते कारण पैसे भरून कोर्स करणाऱ्या बऱ्याच जणींनाही ते माहीत नसतात. फेसबुक पेजवाल्यांना कमेंटवरून खासगी उत्तर द्यायची सोय 2015 पासून आहे. इन्स्टावर बाहेरच्या सॉफ्टवेअरला मेसेज पाठवायचं दार सगळ्या धंदेवाल्यांसाठी 2021 मध्ये उघडलं, त्यानंतर हे "कमेंटमध्ये अमुक लिहा"चं पीक आलं. त्यात सॉफ्टवेअरला एका कमेंटला एकच खासगी मेसेज पाठवता येतो, तोही कमेंट आल्यापासून 7 दिवसांच्या आत. समोरच्याने त्याला उत्तर दिलं तरच पुढचं बोलणं, आणि त्याला 24 तासांची मुदत. म्हणजे इन्स्टाच्या कंपनीनेच गृहीत धरलंय की मशीनने एकदा हाक मारायची, गिऱ्हाइकाने ओ दिली की तुम्ही दुकानात असायला हवं. आपण काय करतो, तर मशीन लावतो आणि दुकान उघडं टाकून जेवायला जातो. शिवाय जो तुम्हाला फॉलो करत नाही त्याला हा मेसेज सरळ इनबॉक्समध्ये नाही तर रिक्वेस्टच्या फोल्डरमध्ये जातो, आणि साठीच्या पुढच्या किती जणांना तो फोल्डर उघडता येतो? ते बिचारे "चेक डीएम", म्हणजे खासगी मेसेज बघा, असं वाचून फोन उलटासुलटा करत बसतात आणि परत कमेंट करतात, परत "चेक डीएम".

माझी बेळगावची मावशी त्यातलीच, फक्त ती फॉलो करत होती म्हणून तिला मेसेज दिसला. तिने आपली कौतुकाने लिहिलं, "छान हो, आंबा कसा आहे यंदा?" मशीनने तिला "नमस्कार, आपल्या प्रतिसादाबद्दल आभारी आहोत, आपणास किती पेट्या हव्यात" असं धाडलं. मावशीने उत्तर दिलं, "दोन. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, मला काही यायला जमणार नाही यंदा. पण तू मला आपण-आपणास काय करतेस गं, रागावलीयेस का?" आणि मग आणखी दोन मेसेज, शेवटचा नुसता "बरं." हे सगळं मी पाहिलं तीन आठवड्यांनी, कारण मशीन उत्तरं देतंय म्हणून मी इनबॉक्स उघडायचंच सोडलं होतं. ऑपरेशन झालेलं मला माहीतच नव्हतं. भावाला फोनवर सांगितलं तर तो शांतपणे म्हणाला, "मशीन बोलता, मगे तू काय करतस?"

आता जे मला जास्त खुपतं ते. हल्ली निम्म्या रीलवर किंमत लिहिलेलीच नसते, "किमतीसाठी कमेंट करा". कारण उघड आहे, कमेंटी वाढल्या की रील जास्त लोकांना दाखवली जाते, आणि शेजारच्या विक्रेत्याला आपला रेट कळत नाही, आणि प्रत्येकाला वेगळा रेटही सांगता येतो. मीही केलंय हे एका सीझनला, कमेंटी शेकड्याने आल्या, ऑर्डरी नेहमीएवढ्याच, वर जुनी गिऱ्हाइकं म्हणायला लागली की काय गं, किंमत सांगायला लाजतेस का. साडीवाले, दागिनेवाले तर पुढे गेलेत, आधी फॉलो करा, मग शब्द लिहा, मग मेसेजमध्ये लिंक, लिंकवर फोन नंबर भरा, मग किंमत. अहो दुकानात कुणी असं केलं असतं तर आपण पायरी तरी चढलो असतो का परत? 2020 च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांत एकूण किंमत, सगळे कर आणि शुल्क धरून, एका आकड्यात दाखवायची असं आहे. आणि 30 नोव्हेंबर 2023 ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन फसव्या क्लृप्त्यांचे 13 प्रकार सांगून त्यांना मनाई केली, त्यात ग्राहकाला नको ती गोष्ट करायला भाग पाडणं हाही एक प्रकार. किमतीसाठी फॉलो करायला लावणं त्यात बसतं की नाही यावर वकील भांडतील, मला ते त्याच जातीचं वाटतं. ग्राहकांना तक्रारीला 1915 हा नंबर आहे, हे लिहिताना मी स्वतःच्या पायावर धोंडा मारतेय हे कळतंय मला.

आंब्यात तर किंमत लपवून मेसेजमध्ये ठेवण्याचा आणखी एक घोळ आहे. आमचा मार्चमधला डझनाचा भाव आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यातला भाव यांत निम्म्याचा फरक पडतो, कधी त्याहून जास्त. रील मात्र मरत नाही. पाडव्याला टाकलेली रील मे महिन्यात कुणाला तरी दिसते, तो कमेंट करतो, मशीन इमानदारीने पाडव्याचा भाव सांगतं, आणि तो माणूस मनात म्हणतो देवगडवाले लुटतात. उलटंही झालं, गेल्या वर्षीची मेची रील यंदा मार्चमध्ये कुणीतरी वर काढली आणि मला 11 पेट्या जुन्या भावात द्याव्या लागल्या, कारण मेसेज माझ्याच नावाने गेला होता ना, मशीनच्या नावाने नव्हे.

आणि शेवटचं, सगळ्यात गंभीर. "कमेंट केली की दुकानदाराचा मेसेज येतो" ही सवय आपणच लोकांना लावली. आमचाच लोगो, नावात एक टिंब जास्त, असं खोटं अकाउंट कुणीतरी काढलं आणि आमच्या रीलखाली कमेंट करणाऱ्या प्रत्येकाला मेसेज पाठवला की स्टॉक संपतोय, अर्धी रक्कम यूपीआयने पाठवा. लोकांना संशय कसा येणार, कमेंटनंतर मेसेज येणारच होता, तो आला. ठाण्याच्या एका ताईंचे 1800 रुपये गेले, त्यांनी मला फोन करून शिव्या घातल्या आणि मी ऐकून घेतल्या. त्यांना 1930 वर लगेच तक्रार करायला लावली. बँकेच्या, रेल्वेच्या पेजखाली वैतागून तक्रार लिहिणाऱ्यांना "आम्ही कस्टमर केअर" म्हणून मेसेज करणारे भामटे हेच तर करतात, फक्त तिथे आंब्याऐवजी ओटीपी असतो.

मशीनचं उत्तर चांगलंही असू शकतं, आमच्याच तालुक्यात उदाहरण आहे. हापूसला 2018 मध्ये जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावायची सरकारी नोंद, मिळालं तरी कर्नाटकचा आंबा देवगड म्हणून खपतोच, म्हणून देवगड तालुका आंबा उत्पादक संस्थेने 2025 च्या सीझनपासून फळावर युनिक कोडचा स्टिकर आणला. त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला की आपोआप उत्तर येतं आणि स्टिकरवरचा कोड जुळवून बघायचा. गोड बोलणं नाही, फॉलो करा नाही, जे विचारलं तेवढंच उत्तर. असं असेल तर मशीनला कोण नावं ठेवेल?

मी यंदा काय केलंय तर भाव कॅप्शनमध्येच, तारीख घालून, दर सोमवारी बदलते, आणि जुन्या रीलवरचं ऑटोमेशन 31 मेला बंद करते. मेसेज एकच जातो, दोन ओळींचा: हा आपोआप गेलेला मेसेज आहे, आम्ही पैसे कधीही इथे मागत नाही, बोलायचं असेल तर लिहून ठेवा, मी रात्री नऊनंतर स्वतः बघते. "धन्यवाद", "मनापासून आभार" सगळं काढून टाकलं. "साका", "खराब", "सडका", "फोन उचलत नाही" असे शब्द असले की मशीनने गप्प बसायचं आणि मला कळवायचं, ही सोयही त्यात होती, मी कधी बघितलीच नव्हती. कमेंटी कमी झाल्यात, ते खरंय.

मावशीला दोन पेट्या मी स्वतः घेऊन गेले, एक बिनपैशाची. तिने दारातच विचारलं, "आपण आलात का?"

आपली,
एक आंबेवाली
डोंबिवली (पूर्व)