ती अत्तराची नव्हे, तपकिरीची कुपी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत चिनी जेडच्या (शोभेच्या एका कठीण दगडाच्या) कोरीव कुपीवर आलेल्या लेखात तिला अत्तराची कुपी म्हटले आहे. ती तपकिरीची आहे. छिंग राजवटीत (१६४४ ते १९१२) तपकीर अशा पाच-सात सेंटीमीटर उंचीच्या कुपीत ठेवत. घट्ट बुचामुळे आत दमटपणा जात नाही आणि बुचाला खालून चिकटवलेल्या लांबट चमच्याने चिमूटभर तपकीर काढता येते. छापलेल्या छायाचित्रात तो चमचा स्पष्ट दिसतो. अत्तराला चमचा कशाला लागेल?

कुपीवर कोरलेल्या वटवाघळाला लेखात अपशकुनी ठरवले आहे, ते तर उलटच झाले. चिनी भाषेत वटवाघूळ आणि सुदैव या दोन्हींचा उच्चार ‘फू’. त्याच्या शेजारी भोकाचे नाणे कोरले आहे, तेही नुसत्या शोभेसाठी नाही. भोक म्हणजे नाण्याचा ‘डोळा’, आणि पैसा व ‘समोर’ हे शब्द उच्चाराला एकच. सगळे मिळून ‘सुदैव डोळ्यांसमोर’. पाच वटवाघळे असती तर दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य, सदाचाराची आवड आणि सुखाने आलेला मृत्यू अशी पाच सुखे झाली असती.

मात्र चिन्हावरून वय ठरत नाही, कारण तेच वटवाघूळ आजही कोरले जाते. कारागिरी पाहायची तर कुपीच्या पोटात पाहावे. जेड पोलादी छिन्नीने कोरत नाहीत. तामडा किंवा कुरुंद या कठीण खड्यांची ओली पूड फिरत्या हत्याराखाली घालून ते झिजवतात. आधी नळीच्या गिरमिटाने तोंडातून सरळ भोक पाडायचे, मग वाकड्या टोकाच्या हत्यारांनी खांद्याखालचा भाग पोखरायचा. तोंड जेमतेम बोटाच्या पेराएवढेही नसते, म्हणून घाईच्या कामात खांदे भरीवच राहतात. मऊ तार वाकवून आत फिरवली की हे लगेच कळते. उत्तम पोखरलेली कुपी पाण्यावर तरंगते. अर्थात बाजारासाठी उरकलेल्या जुन्या कुप्याही आहेतच.

अस्सलपणा तपासायला ‘चाकूने ओरखडून पाहा’ ही लेखातली सूचना कोणीही अमलात आणू नये. जेड या नावाने नेफ्राइट आणि जेडाइट असे दोन दगड ओळखले जातात. नेफ्राइट जेडची कठिणता (१ ते १० च्या मोस मापावर) ६ ते ६.५, त्यावर चाकूचाच धातू घासून रेघ उमटते आणि अस्सल वस्तू नकली ठरते. सर्पेंटाइनसारखा जेडसारखा दिसणारा मऊ दगड असेल तर कायमचा ओरखडा पडतो. त्यापेक्षा घनता मोजावी. बूच काढून कुपी कोरडी तोलायची, मग दोऱ्याने पाण्यात टांगून तोलायची. कोरडी ५९ ग्रॅम आणि पाण्यात ३९ भरली, तर ५९ भागिले दोन्ही वजनांतला फरक २०, म्हणजे घनता २.९५. हे नेफ्राइट. जेडाइट ३.३ च्या आसपास, साधी काच आणि सर्पेंटाइन २.५ ते २.६. कुपीच्या पोटात हवा राहिली तर गणित फसते: एक मिलिलिटरचा बुडबुडा हाच आकडा २.८१ वर आणतो. कुपी तिरपी करून पाणी काठोकाठ भरू द्यावे. आत जुन्या तपकिरीचा थर असेल, किंवा तडा चिकटवलेला असेल, तर पाण्यात घालूच नये.

हिरवे तेच अस्सल जेड, हेही खरे नाही. चिनी दरबारात खोतानच्या (आजच्या पश्चिम चीनमधील शिनजियांगच्या) पांढऱ्या जेडचा मान मोठा होता.

पुढच्या पुरवणीत दुरुस्ती छापावी. सगळी जमली नाही तरी चाकूची अवश्य.

आपला,
एक वाचक, दादर, मुंबई